घरगुती व्हॅक्यूम सीलर : विकत घेण्यापूर्वी पारखून पाहा



सुगीत घरी आलेला मूग, चवळी किंवा अख्खी तूर उन्हाळाभर चांगली दिसते. पोळ्याच्या सुमारास डबा उघडावा, तर दाण्यादाण्याला भोक पडलेले आणि तळाशी पिठाचा थर, हा अनुभव बहुतेक घरांत आहे. अलीकडे कृषी प्रदर्शनांत त्यावर उपाय म्हणून एक लहानसे यंत्र दाखविले जाते. पट्टीसारखे लांबट, वजनाला हलके. पिशवीचे तोंड त्यात धरून झाकण दाबले की घुर्र आवाज होतो, पिशवी दाण्यांना चिकटते आणि विटेसारखी कडक होते. यालाच व्हॅक्यूम सीलर म्हणतात. साधारणतः दीड ते तीन हजार रुपयांच्या आसपास मिळणारे हे यंत्र घरी घ्यावे काय, हा प्रश्न आता अनेक घरांत निघतो.

त्याचे उत्तर यंत्रापेक्षा तुमच्या घरातील मालावर अधिक अवलंबून आहे. म्हणून प्रथम हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, ते समजून घ्यावे.

यंत्राच्या पोटात एक छोटा पंप व एक तापणारी तार असते. पंप पिशवीतील हवा ओढून घेतो आणि नंतर तार तापून पिशवीचे तोंड चिकटविते. एक किलो कडधान्य पिशवीत भरले, तर दाण्यांच्या फटींत साधारण अर्धा लिटर हवा राहते. हवेचा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू असतो, म्हणजे पिशवीत तो १०० मिलिलिटरच्या आसपास झाला. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ६० किलोपास्कल किंवा त्याच्या जवळपासचा आकडा छापलेला असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे आकडा खरा मानला तरी ४० टक्के हवा आतच राहते आणि तिच्याबरोबर ४० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायूही राहतो. 'पूर्ण निर्वात' हे शब्द जाहिरातीपुरते समजावेत.

तरीही कडधान्यात भुंगेऱ्याचा बंदोबस्त होतो, तो कसा? या किडीची सुरुवात पुष्कळदा शेतातच झालेली असते. मादी पक्व शेंगांवर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरून मालाबरोबर घरी येते. साठवणीत तीच कीड दाण्यांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटविते व अनुकूल हवामानात साधारण महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. घट्ट बंद पिशवीत उरलेला प्राणवायू कीड स्वतःच श्वसनात वापरून टाकते. बाहेरून नवी हवा येत नाही, त्यामुळे तिचे खाणे थांबते व पुढे ती मरते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी साठविण्यासाठी याच तत्त्वावर काम सुरू केले. त्यातून अनेक पदरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांची पद्धत पुढे आली. त्या पद्धतीत पंप नाही, वीज नाही. हवा दाबून काढायची व पिशवीचे तोंड पिळून घट्ट बांधायचे, एवढेच. म्हणजे किडीचे काम पंपापेक्षा पिशवीच्या घट्टपणाने अधिक होते, हे लक्षात ठेवावे.

ओल यंत्राला दिसत नाही

यंत्र हवा काढते, ओलावा काढीत नाही. आमच्या घरी पहिल्या वर्षी सावलीत वाळविलेली मेथी भरली होती. पाने चुरचुरीत झाली होती, पण देठ दमट होते. पंधरा दिवसांत पाकिटातील मेथी काळी पडली आणि उघडताच आंबूस वास आला. यंत्रात दोष नव्हता. घाई आमची होती. उघड्या डब्यातला ओलसर माल निदान थोडाफार सुकतो. सीलबंद पिशवीत आतली ओल आतच राहते.

कडधान्य भरताना ओलावा ८ ते १० टक्क्यांपर्यंत असावा. ओलावामापक घरोघरी नसतो, पण एक साधी चाचणी करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून बाटली एक-दोन मिनिटे चांगली हलवावी व पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ बाटलीच्या अंगाला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे व माल पुन्हा उन्हात घालणे आवश्यक आहे. मीठ चिकटले नाही म्हणजे मात्र माल तयार झाला असे नव्हे, कारण १५ च्या खालचा फरक या चाचणीत कळत नाही. त्यानंतरही कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली दबता कामा नये, कट्टकन फुटला पाहिजे. उन्हातून आणलेला माल पूर्ण थंड झाल्यावरच पिशवीत भरावा. गरम भरल्यास आतल्या अंगाला दव धरते.

बियाणे भरावयाचे असल्यास ते अधिकच काळजीने वाळवावे. दमट बियाणे हवाबंद केल्यास उगवणशक्ती जाते. हळद व आल्याचे बेणे जिवंत असते व श्वास घेते, ते या यंत्रात कधीही घालू नये.

यंत्र कसे पारखावे?

प्रदर्शनात विक्रेता स्वतःच्या पिशवीत स्वतःची डाळ भरून एकदा दाखवितो. एक पिशवी कोणतेही यंत्र चांगली बंद करते. तुम्ही घरून अर्धा-अर्धा किलो कडधान्याच्या दहा पुड्या बरोबर न्याव्यात आणि त्या लागोपाठ बंद करून दाखविण्यास सांगावे. स्वस्त यंत्राची तार व पंप लवकर तापतात, म्हणून दोन पिशव्यांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबण्याची सूचना बहुधा माहितीपत्रकात असते. तेवढे थांबूनही सहाव्या-सातव्या पिशवीचे सील वितळू लागले किंवा कच्चे राहू लागले, तर हंगामाच्या कामाला ते यंत्र उपयोगाचे नाही. विक्रेता कुरकुर करील, करू द्यावी.

बंद पिशवीचे सील पाण्यात बुडवून पिशवी दाबावी. बुडबुडे आले तर सील कच्चे. सीलची पट्टी सलग, एकसारख्या रुंदीची व सुरकुती नसलेली असावी. दुहेरी पट्टी असल्यास अधिक चांगले. उरलेल्या पिशव्या घरी आणून ठेवाव्यात व आठ दिवसांनी पाहाव्यात. ज्या पिशवीतील दाणे हाताला खुळखुळू लागले, तिच्यात हवा शिरली आहे. शक्य असल्यास पैसे त्यानंतर द्यावेत.

झाकण उघडून आतील स्पंजाची पट्टी पाहावी. हवा रोखण्याचे काम तीच करते आणि झिजतेही तीच. ती व तारेवरील टेफ्लॉनची पट्टी सुटी मिळते काय, हे पक्के विचारून घ्यावे. न मिळाल्यास पाच-पंचवीस रुपयांच्या पट्टीपायी सारे यंत्र माळ्यावर जाते. हवा न काढता नुसते सील करण्याचे वेगळे बटन असावे. कुरडया, पापड, सांडगे यांचा हवा ओढल्यास चुरा होतो, त्यांना नुसते सील पुरते.

पिशव्यांबाबत फसगत अधिक होते. या प्रकारच्या यंत्रास आतून खडबडीत नक्षी असलेली नायलॉन-पॉलिथिनची पिशवी लागते. त्या नक्षीच्या खाचांतून हवा बाहेर पडते. किराणा दुकानातील साधी पिशवी दोन्ही बाजूंनी चिकटून बसते, हवा निघत नाही. निघाली तरी साध्या पॉलिथिनमधून हवा पुन्हा हळूहळू आत झिरपते. म्हणून त्या पिशव्या तुमच्या तालुक्याच्या गावी मिळतात काय व काय भावाने, हे यंत्राच्या किमतीआधी विचारावे.

हिशेब मांडून पाहा

समजा यंत्र २,४०० रुपयांचे आहे व पाच वर्षे चालले, तर वर्षाला ४८० रुपये झाले. घरची ४० किलो कडधान्ये एकेक किलोच्या पिशव्यांत भरली आणि पिशवीला १० रुपये धरले, तर ४०० रुपये. एकूण ८८० रुपये. कडधान्याचा भाव किलोला १०० रुपये धरल्यास, दरवर्षी जवळजवळ नऊ किलो माल किडीपासून वाचला तरच खर्च भरून निघतो. ४० किलोंत नऊ किलो नुकसान होत असेल, तर ते यंत्रावाचून नव्हे, वाळवण अपुरी आहे म्हणून होत आहे. चांगले वाळवून, एरंडेलाचा हात देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा अनेक पदरी पिशवीत ठेवणे यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्यासाठी तर हे यंत्र मुळीच घेऊ नये. त्यांना पत्र्याची कोठीच बरी.

हाच हिशेब काजूगर, बेदाणा, हळद पूड, मिरची पूड, भाजलेले शेंगदाणे यांना लावल्यास चित्र बदलते. येथे माल थोडा व मोलाचा असतो. शेंगदाणे व काजू यांतील तेल हवेने खवट होते, मसाल्याचा वास उडतो, बेदाणा पावसाळ्यात ओल धरतो. अशा मालाचे पाव-अर्धा किलोचे पाकीट केल्यास पिशवीचा खर्च अंगावर येत नाही. बचत गटातर्फे किंवा घरून विक्री करणाऱ्या भगिनींना यंत्राचा खरा उपयोग येथे आहे. मात्र विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. चांगले पाकीट झाले म्हणून ती सुटत नाही.

पूड भरताना ती पंपात ओढली जाऊन यंत्र बिघडते. पिशवीत वरच्या बाजूस मलमलच्या फडक्याची घडी ठेवावी व सीलच्या जागेवरील पूड पुसून घ्यावी. मिरचीचे देठ व लवंगांची टोके पिशवीला भोक पाडतात, अशा मालाभोवती आधी कागद गुंडाळावा. पिशवी तीन-चार बोटे लांब कापल्यास वरचे सील कापून तीच पिशवी कोरड्या मालासाठी पुन्हा वापरता येते. मासळी-मटणाची पिशवी पुन्हा वापरू नये.

येथे मात्र जिवाशी गाठ आहे

हवा काढली की जंतू मरतात, हा समज सर्वांत घातक आहे. बुरशीला हवा लागते, पण बोट्युलिझम या विषबाधेचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. त्याचे बीजाणू मातीत असतात व साध्या उकळण्याने मरत नाहीत. ओलावा, कमी आंबटपणा व हवेचा अभाव या तिन्ही गोष्टी जमल्या की तो विष तयार करतो. कोरड्या कडधान्यात किंवा बेदाण्यात त्याला पुरेसा ओलावा मिळत नाही, म्हणून ती भीती नाही. परंतु सोललेला लसूण, आले-लसूण वाटण, तेलातील लसूण, ताजी आळंबी, उकडलेल्या भाज्या, शिजविलेले अन्न हे निर्वात पिशवीत भरून फडताळात ठेवणे म्हणजे त्या जंतूला घर बांधून देणे होय. ओलसर कांदा-लसूण मसाल्याचेही तसेच; तो पूर्ण कोरडा असेल तरच भरावा.

मासळीच्या बाबतीत तर नुसत्या फ्रीजचाही भरवसा धरू नये. या जंतूचा एक प्रकार ३ अंश सेल्सिअसच्या थंडीतही वाढू शकतो. निर्वात केलेली मासळी लगेच बर्फाच्या कप्प्यात गोठवावी आणि वापरण्यासाठी काढताना प्रथम पिशवी कापून उघडी करावी, मग फ्रीजमध्येच वितळू द्यावी. बंद पिशवीत वितळवू नये. कोबी, फुलकोबी यांतून वायू सुटतो व पिशवी फुगते. त्या उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून, निथळूनच गोठवाव्यात.

ओल्या पदार्थाची पिशवी आपोआप फुगलेली दिसली, तर ती फोडून वास घेऊ नये, जिभेवर ठेवून पाहू नये. न फुगलेल्या पिशवीतही हे विष असू शकते व त्याला वास किंवा चव असेलच असे नाही. म्हणून वर सांगितलेल्यांपैकी काही चुकून फडताळात राहिले असेल, तर पिशवी न उघडता खोल खड्ड्यात पुरावी. वाया जाऊ नये म्हणून ते गुरांच्या आंबोणातही मिसळू नये. हा आजार जनावरांनाही होतो.