कुत्र्याची पोटफुगी आणि उंचावरचे भांडे

कोवळा लसूणघास जास्त खाल्ल्याने गाईचे पोट फुगते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. कुत्र्यांची पोटफुगी मात्र वेगळी आणि फार घातक असते. कुत्र्याचे जठर वायूने फुगते आणि पुष्कळदा स्वतःभोवती फिरून पिळले जाते. मग त्याची दोन्ही तोंडे बंद होतात. वायू ना ढेकरेवाटे बाहेर पडतो, ना आतड्यात उतरतो. जठराचा दाब मोठ्या शिरांवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. उपचार न झाल्यास काही तासांत कुत्रे दगावू शकते.

हा धोका कोणाला अधिक? ग्रेट डेनसारख्या, खोल पण अरुंद छातीच्या मोठ्या जातींना. वाढते वय, आईवडील किंवा भावंडांना हा विकार झालेला असणे आणि घाईघाईने खाणे, यांमुळेही धोका वाढलेला आढळतो.

मान खाली घालून खाताना कुत्रे हवा गिळते, म्हणून त्याचे भांडे उंचावर ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तर्क पटण्याजोगा होता. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी ११ मोठ्या जातींच्या १,६३७ कुत्र्यांची नोंद ठेवली. सुरुवातीला त्यांपैकी एकालाही हा विकार झालेला नव्हता. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंच भांड्यात खाणाऱ्या कुत्र्यांत विकाराचे प्रमाण कमी नव्हे, उलट अधिक होते!

मग उंच भांडे हेच कारण मानायचे का? इथे आपण जरा थांबायला हवे. कदाचित धोका ओळखलेल्या मालकांनीच भांडे उंच ठेवले असेल. वय, घराण्यातील विकार असे घटक हिशेबात धरूनही संबंध टिकला, हे खरे; पण निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. नंतरच्या एका अभ्यासात तर तो आढळलाही नाही. मात्र उंच भांड्याने बचाव होतो, याला आधार मिळालेला नाही. म्हणून भांडे जमिनीवरच बरे.

पोट फुगले आहे, कुत्रे अस्वस्थ आहे, ओकाऱ्या काढते पण काहीच पडत नाही, असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक पशुवैद्याकडे न्यावे. तिथे वायू काढून, शस्त्रक्रियेने जठर सरळ करून पोटाच्या भिंतीला टाके घालतात, म्हणजे ते पुन्हा सहसा पिळले जात नाही.

‘धोक्याचा घटक’ आणि ‘कारण’ यांतला फरक वर्गात सांगताना आपल्याला हे भांडे उपयोगी पडेल.