सकाळची शाळा आणि मुलांची झोप

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तेव्हा मुलांची अपुरी झोप हे त्यामागचे मुख्य कारण होते. निर्णय योग्यच होता. मात्र सकाळच्या शाळेचा सर्वाधिक जाच ज्यांना होतो, ती आठवी ते दहावीची मुले त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. त्याच वेळी मेंदूतील जैविक घड्याळ, म्हणजे सुमारे २४ तासांचे चक्र सांभाळणारा पेशींचा लहानसा समूह, डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्र ओळखतो आणि अंधारात मेलॅटोनिन या संप्रेरकाद्वारे शरीराला रात्र झाल्याचे कळवतो. वयात येताना हे घड्याळ दोन तासांपर्यंत मागे पडू शकते, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला अकरापूर्वी झोप न येणे हा पुष्कळदा हट्ट नसून वाढीचाच भाग असतो. या वयात ८ ते १० तासांची झोप आवश्यक असताना, सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेल्या मुलाच्या वाट्याला जेमतेम साडेसहा तास येतात. शिवाय गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, तर स्मरण आणि भावनांचा तोल यांच्याशी निगडित असलेली स्वप्ननिद्रा पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे लवकर उठवल्याने मुख्यतः तीच हिरावली जाते. रविवारी दुपारपर्यंत झोपून थोडा थकवा जातो खरा, पण घड्याळ आणखी मागे पडते आणि सोमवारची सकाळ अधिकच जड जाते.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि त्यांना ती लवकर येतेही. परंतु घरात जेवणे दहाला होत असतील व दूरचित्रवाणी आणि मोबाइल त्यानंतरही चालू राहत असतील, तर शाळा नऊला भरूनही फारसे साधत नाही. मोठ्यांनाही किमान ७ तास हवेत, आणि कॅफीनचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास टिकत असल्याने संध्याकाळी उशिराचा चहा त्यांच्याही झोपेत आडवा येतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठपूर्वी भरण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे वर्गखोल्यांच्या टंचाईमुळे अनेक शाळा दोन सत्रांत भरतात आणि सर्वांना एकच वेळ देणे अवघड आहे, हे मान्य करावे लागते. तरीही सकाळचे सत्र जेथे नववी-दहावीला दिलेले आहे, तेथे सत्रांची अदलाबदल करण्याचा विचार शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून अवश्य करावा.