किरणोपचाराचे यंत्र आणि ते चालवणारे हात

कवठे महांकाळ, जत, आटपाडीकडच्या घरांत कर्करोगाचे नाव सहसा मोठ्याने घेत नाहीत. "मिरजेला शेक चालू आहे" किंवा "टाटाला लाईट घेतोय" एवढे म्हटले की ऐकणारा समजून जातो. हा शेक म्हणजे किरणोपचार, डॉक्टरांच्या भाषेत रेडिओथेरपी. तंबाखू आणि माव्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग, स्त्रियांचा स्तनाचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, यांत या उपचाराचे काम फार मोठे आहे. आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधव इस्पितळांना देणग्या देतात, ट्रस्टवर बसतात. नवे यंत्र आले की फोटो छापून येतो. पण ते यंत्र चालवणारे लोक कसे तयार होतात, याची माहिती फार थोड्यांना असते. ती व्हावी म्हणून हा लेख.

यंत्र बदलले, हिशेब बदलला

पूर्वी बहुतेक ठिकाणी कोबाल्टचे यंत्र असे. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचा छोटा साठा जाड कवचात बंद असतो. खिडकी उघडली की किरण बाहेर पडतात. हा साठा पडून पडून क्षीण होतो. सुमारे सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो, म्हणजे दर महिन्याला साधारण एक टक्का घट. म्हणून आज जी मात्रा द्यायला दोन मिनिटे लागतात, तीच मात्रा वर्षाने द्यायची तर वेळ वाढवावी लागते. हा हिशेब चुकला तर रोग्याला औषध कमी पडते आणि वरून काहीच कळत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचे स्वदेशी कोबाल्ट यंत्र बनवले, आणि त्यातले पहिले २००५ साली खारघरच्या टाटा केंद्रात बसले.

आता लिनियर ॲक्सिलरेटर, म्हणजे लिनॅक, सर्वत्र येत आहे. यात धातूचा साठा नसतो. विजेच्या जोरावर किरण तयार होतात, बटण बंद की किरण बंद. याच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे पुढेमागे सरकते. कटिंग मास्तर मापाप्रमाणे कापड बेततो, तसा या पट्ट्या गाठीच्या आकाराप्रमाणे किरण बेततात. एकाच झोतात कुठे जोर जास्त, कुठे कमी, असेही करता येते, त्याला आय.एम.आर.टी. म्हणतात. रोज उपचाराआधी टेबलावरच छायाचित्र घेऊन गाठ जागेवर आहे की नाही ते पाहण्याच्या पद्धतीला आय.जी.आर.टी. म्हणतात. यामुळे शेजारची लाळग्रंथी, मज्जारज्जू, फुप्फुस यांना कमी झळ बसते.

पण इथेच धोकाही आहे. जुन्या पद्धतीत मोठा चौकोन भाजला जाई, त्यात थोडे इकडेतिकडे खपून जाई. आता काठ इतका बारीक झाला की अर्धा सेंटीमीटर चूक झाली तर गाठीचा कोपरा सुटतो. शिवाय बैठका कमी होत चालल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाला पूर्वी २५ बैठकांत ५० ग्रे मात्रा देत; पुढे १५ बैठकांत ४० ग्रे पुरेशी ठरली; २०२० साली इंग्लंडमधून आलेल्या अभ्यासाने निवडक रुग्णांसाठी ५ बैठकांत २६ ग्रेचा मार्गही दाखवला. गरीब रोग्याचा प्रवास आणि मुक्काम यात वाचतो. मात्र २५ दिवसांत एक दिवस चुकला तर ती चूक पंचविसाव्या हिश्श्याची, आणि ५ दिवसांत चुकला तर पाचव्या हिश्श्याची. यंत्र जितके नवे तितका हात अधिक शिकलेला हवा, तो यासाठी.

एका रोग्यामागे किती माणसे

लोकांना वाटते डॉक्टर बटण दाबतो. प्रत्यक्षात ही साखळी आहे. किरणोपचार तज्ज्ञ डॉक्टर सी.टी. स्कॅनच्या प्रत्येक थरावर गाठीची आणि वाचवायच्या अवयवांची रेघ आखतो. तो एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचे एम.डी. करून आलेला असतो. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट, किरण कोणत्या कोनातून, किती, हे संगणकावर बेततो आणि यंत्राची मापे तपासतो. तो भौतिकशास्त्र शिकलेला असतो, डॉक्टर नव्हे. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठीचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे, एम.एस्सी. नंतर एक वर्ष शिक्षण आणि पुढे इस्पितळात उमेदवारी. तिसरा रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. रोग्याला रोज त्याच जागी, त्याच कोनात झोपवणे, मुखवटा बसवणे, छायाचित्र जुळवणे हे त्याचे काम. याखेरीज परिचारिका आणि आहारतज्ज्ञ. तोंड सोलले, गिळता येईना, वजन उतरले, तर रोगी मध्येच उपचार सोडतो. त्याला टिकवून धरतात त्या याच.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालवता येत नाही, आणि परवान्यासाठी पात्र माणसे व किरण सुरक्षा अधिकारी असावे लागतात. म्हणजे यंत्र गोदामात येऊन पडले आणि माणूस नसला, तर ते कुलपातच राहते.

नवी पद्धत शिकतात कशी

आपल्याकडे यंत्रमाग आले तेव्हा हातमागावरचा उस्ताद कारागीरही पुन्हा शागिर्द झाला. मिरजेच्या शिकलगारांचे पूर्वज हत्यारे घडवत, धार लावत; एकोणिसाव्या शतकात तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि भोपळ्याचा आवाज ओळखायला शिकले. हुनर होते, तरी नव्या कामाची तालीम नव्याने घ्यावी लागली. किरणोपचाराचेही तसेच आहे.

यंत्र बसले की कंपनीचा माणूस काही दिवस शिकवून जातो. त्यात बटणे कळतात, काम कळत नाही. खरे शिक्षण तीन प्रकारे होते. पहिले, रेघ आखण्याची कार्यशाळा. एकाच रोग्याचे स्कॅन वीस डॉक्टरांना देतात, प्रत्येकजण आपली रेघ आखतो आणि मग सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहतात. कोणी गाठ मोठी धरली, कोणी लहान, ते तिथेच उघडे पडते. दुसरे, मापाची तालीम. माणसाच्या जागी प्लास्टिकचा किंवा पाण्याचा पुतळा ठेवून त्यात मापक घालतात आणि संगणकाने सांगितलेली मात्रा खरोखर पोचली का ते पाहतात. दुकानात गज आणि तराजू तपासतात तसे हे काम असून ते रोज, महिन्याला आणि वर्षाला ठरल्याप्रमाणे करावे लागते. तिसरे, मोठ्या केंद्रात जाऊन सगळ्या चमूने एकत्र काम पाहणे. १९४१ साली सुरू झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आपल्या राज्यात याचे मोठे ठिकाण आहे. २०१२ पासून 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'ने देशातील केंद्रे जोडली आहेत, त्यामुळे लहान गावच्या डॉक्टरलाही अवघड रोग्याबद्दल मोठ्यांचा सल्ला मिळू शकतो. ग्रामीण भागात असे काम उभे राहते याचा दाखला जवळच आहे: बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय.

शिक्षण नसले तर काय होते

फ्रान्समधील एपिनाल गावच्या इस्पितळात २००४-०५ साली घडलेली गोष्ट या क्षेत्रात सर्वत्र शिकवली जाते. किरणांचा जोर एका बाजूला कमी करण्यासाठी पूर्वी धातूची पाचर लावत. ती पाचर बरेच किरण खाते, म्हणून यंत्र जास्त वेळ चालवावे लागे. नव्या पद्धतीत पाचर नव्हती. पट्टी सरकवून तोच परिणाम साधला जाई आणि किरण कमी लागत. कर्मचाऱ्यांनी नव्या पद्धतीला जुन्या पाचरीचा हिशेब लावला. संगणकावरच्या सूचना इंग्रजीत होत्या, त्यांच्या भाषेतले माहितीपुस्तक हाताशी नव्हते, शिक्षण अपुरे होते. वीसहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा बरीच जास्त मात्रा गेली आणि त्यातले काही दगावले. यंत्र चांगले होते. फ्रान्ससारख्या देशात हे घडते, तर आपल्याकडे मराठीतून शिकून आलेल्या टेक्निशियनला त्याच्या भाषेत समजावून देणे किती जरुरीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी काय करावे

पहिली गोष्ट देणगीची. लिनॅकची किंमत कित्येक कोटी. त्यात आपला वाटा थेंबाएवढा. पण एका टेक्नॉलॉजिस्टचा मुंबईतला तीन महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च चार दुकानदार मिळून उचलू शकतात. ट्रस्टवर असाल तर यंत्राच्या कोटेशनसोबत विचारा: चालवणारे किती, शिकायला कोण जाणार, तो नसताना काम कोण बघणार, मापे तपासण्याची साधने किमतीत धरली आहेत का.

दुसरी गोष्ट मुलामुलींची. बारावी सायन्सनंतर डॉक्टरकीला नंबर लागला नाही की आपली मुले गल्ल्यावर बसतात आणि मुलींचे शिक्षण थांबते. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची बी.एस्सी., किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून भाभा केंद्राची पदविका, हे इज्जतीचे रस्ते आहेत. प्रवेशापूर्वी एवढेच पाहावे की त्या पदवीला अणुऊर्जा नियामक मंडळ मान्यता देते का.

तिसरी गोष्ट भंगार व्यवसायातील बांधवांसाठी, आणि ती जिवाची आहे. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातले किरणोपचाराचे यंत्र दोघांनी उचलून भंगारात विकले. आत सीझियम होते. चौघे मेले, त्यात भंगारवाल्याची बायको आणि सहा वर्षांची पुतणी होती. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या लिलावातून आलेले कोबाल्टचे जुने उपकरण फोडले गेले आणि एक कामगार दगावला. तीन पात्यांची किरणोत्सर्गाची खूण दिसली, किंवा लहान आकाराची वस्तू शिशामुळे बेसुमार जड लागली, तर कापू नका, फोडू नका. सर्वांना लांब करून पोलिसांना कळवा. जड माल म्हणून जास्त भाव मिळेल, हा मोह महागात पडतो.

आणि ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांनी शेकाचा दिवस चुकवू नये. यात्रा, लग्न, द्राक्षाचा हंगाम, यासाठी केलेला खाडा रोगाच्या पथ्यावर पडतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातील आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करावी. डॉक्टरला "यंत्र कोणते?" हे सगळेच विचारतात. "मापे कोण तपासतो आणि शेवटची कधी तपासली?" हेही विचारावे. गिऱ्हाईक माप विचारते तेव्हा प्रामाणिक दुकानदाराला राग येत नाही.