नदीकाठचे दोन नवशिके

‘रोज अर्धा तास चाला’ असे मी वर्षानुवर्षे लिहून देत आलो आहे. त्यातले किती जण चालतात, हे आपणही जाणता. पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर न पडणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत हा सल्ला तीनदा फोल ठरला. चौथ्या वेळी मी म्हणालो, “सर, मला पक्षी ओळखायला शिकायचे आहे. सोबत याल?” “मलाही कावळा-चिमणीपलीकडे काही कळत नाही,” ते म्हणाले, पण आले.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर, 1929 साली उभारलेल्या आयर्विन पुलाजवळ, आम्ही दर रविवारी सकाळी जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी काठावरच्या मातकट पक्ष्यावरून वाद झाला. तो उडाला आणि पंख पांढरेशुभ्र निघाले! घरी पुस्तकात पाहिले, तर तो वंचक. नाव किती सार्थ! खंड्या मात्र त्याच्या निळ्या पंखांमुळे आणि लाल चोचीमुळे लगेच ओळखता आला.

तिसऱ्या रविवारी पलीकडच्या झाडीतून भारद्वाजाचा घुमणारा ‘कूप-कूप’ सरांनी माझ्याआधी टिपला. परंतु हाताच्या अंतरावर शिंजीर तारस्वरात ओरडत होता, तो त्यांना ऐकूच येईना. मी थट्टा करतो आहे, असे त्यांना वाटले.

वाढत्या वयात श्रवणशक्ती कमी होते, ती बहुधा उंच स्वरांपासून. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. नातवंडांचे कोवळे आवाज तर आधी हरवतात. ‘बाबा लक्षच देत नाहीत’ ही सुनेची तक्रार मी अनेकदा ऐकली होती आणि ती दुःखाच्या खाती टाकली होती. बारा वर्षे मी सरांचा रक्तदाब मोजत होतो. कानांविषयी एकदाही विचारले नव्हते.

आपल्या घरी असे होत असेल, तर आधी कानात मळ साचला आहे का ते तपासून घ्या, मग श्रवणचाचणी करा. ऐकू येणे अचानक कमी झाले, विशेषतः एकाच कानाने, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

पक्षी पाहताना चालता चालता मान वर करू नका. थांबून, आधार घेऊन पाहा. पावसाळ्यात घाटाच्या ओल्या पायऱ्या टाळाव्यात. दुर्बीण नसली तरी अडत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खिडकीबाहेर पाण्याचे पसरट भांडे पुरते. त्यातले पाणी मात्र रोज बदला. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. तिच्यात घरबसल्या पंधरा मिनिटांची नोंदही चालते.

सरांना आता श्रवणयंत्र आहे. सुरुवातीला भांड्यांच्या आवाजाने ते वैतागत. सवयीला काही आठवडे लागले. परवा लेकीकडे साताऱ्याला गेले असता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याहून त्यांचा फोन आला. “डॉक्टर, बारीक शिट्टी ऐकू येते आहे, पक्षी दिसत नाही. कोणता असेल?”

मलाही सांगता आले नाही.