अमरावती शहर कसे वसले

बाजाराला, दवाखान्याला आपण अमरावतीला जातो. पण हे शहर कसे वसले ते पुष्कळांना ठाऊक नसते. ते मी गुरुजींना आणि आमच्या आज्याले विचारून लिहिले आहे.

पूर्वी तेथे उंबराची झाडे फार होती. म्हणून गावाचे नाव उदुंबरावती पडले, मग उंबरावती आणि शेवटी अमरावती झाले, असे सांगतात. अंबादेवीचे देऊळ जुने आहे. पण गाव लहानच होते. वऱ्हाडची राजधानी तेव्हा अचलपूर होती.

सन १८०० च्या थोडे आधी अकोल्याचे पुष्कळ लोक जुलमाला कंटाळून अमरावतीला राहायला आले. व्यापारी आले, कापसाचा बाजार वाढला. पैसा आला म्हणून लुटारूही येऊ लागले. त्यांना पेंढारी म्हणत. ते घोड्यांवरून टोळीने येत आणि गावे लुटून जाळून टाकत. तेव्हा येथे निजामाचे राज्य होते. निजाम सरकारने १८०७ साली शहराभोवती दगडी कोट बांधायला घेतला. कोट २० ते २६ फूट उंच आणि सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. त्याला अंबा, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी आणि भुसारी असे ५ दरवाजे आहेत. शिवाय ४ खिडक्या, म्हणजे लहान दारे आहेत. एकीचे नाव खुनारी खिडकी. तिच्याजवळ मारामारीत ७०० माणसे मेली, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

कोटाच्या आत व्यापारी होते. पण कापूस पिकवणारे तर आपल्यासारख्या खेड्यांत होते. मी आज्याले विचारले, "मंग आपले लोक कुठी जायचे?" आजा म्हणाला, "आपली गढी होती ना बाप्पा! पेंढारी आले का बाया, पोरं, ढोरं घेऊन सारे गढीत." म्हणजे गढी हाच खेड्याचा कोट होता.

१८१८ पर्यंत पेंढारी संपले. त्या वेळी कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला नेत. ते सुमारे ५०० मैल दूर आहे! १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला लय भाव आला. पुढे मुंबई-नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली आणि १८७१ साली बडनेरा ते अमरावती फाटा निघाला. शहर कोटाबाहेर वाढले. १९८३ साली तेथे महानगरपालिका झाली.

म्हणजे अमरावती मोठी झाली ती आपल्या पऱ्हाटीवर. तिचा दगडी कोट अजून उभा आहे. आपली गढी मात्र दरवर्षी खचते, कारण घरं सारवायला, भिंती घालायला तिची पांढरी माती बंडीने नेतात. पालकांनो, तुम्हाला विनंती आहे की गढीची माती खणू नका. व्यापाऱ्यांचा कोट राहिला, तशी आपली गढीही राहू द्या.