आदर्श दरबारी कसा असावा?

ग्रंथ : ‘इल कोर्तेजानो’ (दरबारी), लेखक बाल्दास्सारे कास्तिल्योने, व्हेनिस, १५२८.

प्रसंग : १५०७, उर्बिनोचा राजवाडा. ड्यूक आजारी, डचेस एलिझाबेत्ता गोंझागा यांच्या दालनात चार रात्री रंगलेली चर्चा.

अंगी हवे : शस्त्रविद्या, घोडेस्वारी, लॅटिन-ग्रीकचे ज्ञान, संगीत, चित्रकला, आणि या साऱ्यात कष्ट दिसू न देणारी सहजता.

खरे कर्तव्य : चौथ्या भागात ग्रंथ उंची गाठतो. राजाची मर्जी मिळवायची ती स्वतःच्या लाभासाठी नव्हे. त्याला निर्भयपणे सत्य सांगून न्यायाच्या वाटेवर आणण्यासाठी. खुशमस्करे राज्य बुडवतात, स्पष्टवक्ते सावरतात.

प्रसार : स्पॅनिश भाषांतर १५३४, इंग्रजी १५६१. युरोपभरच्या दरबारांनी शिष्टाचाराचे धडे इथूनच घेतले.