पगार किती, आणि उरतं किती?

भिवंडीच्या अंजूरफाट्याजवळचं राहनाळ हे मुळात भातशेतीचं गाव. मुंबईच्या जवळ, पण मुंबईच्या जकातीबाहेर, म्हणून या पट्ट्यात व्यापाऱ्यांनी माल ठेवायला सुरुवात केली आणि शेतांत गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज इथे गोदामाचं भाडं घेणारा जमीनमालक, ट्रक खाली करणारा हमाल, पॅकिंगला येणारी बाई आणि ठाण्यापेक्षा भाडं कमी म्हणून राहायला आलेला कारकून एकाच रस्त्यावर भेटतात. यांतलं सुखी कोण, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ती उत्तरं तपासून पाहू.

गैरसमज १ : गरीबच खरे सुखी, पैसा आला की चिंता येते.

वस्तुस्थिती : कोलकात्यातल्या झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नातेसंबंधांबाबत ही माणसं समाधानी होती. पण एकूण आयुष्याबद्दलचं समाधान मध्यरेषेच्या किंचित खालीच निघालं. गोतावळा आधार देतो, पण रिकामा खिसा भरून काढत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचं २०१३ चं संशोधन आणखी बोलकं आहे. तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, आकलनाच्या चाचण्यांत ते मागे पडले. तोडणीनंतर तेच शेतकरी सरस ठरले. ओढाताण डोक्यातली जागाच व्यापून टाकते.

गैरसमज २ : एका ठरावीक उत्पन्नानंतर सुख वाढत नाही.

वस्तुस्थिती : हा समज पसरला तो डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांच्या २०१० च्या शोधनिबंधावरून. वर्षाला ७५,००० डॉलरनंतर रोजची मनःस्थिती सुधारत नाही, असं त्यात दिसलं होतं. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र त्यापुढेही वाढत होतं. हा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना अशी मर्यादा आढळलीच नाही. मग कानेमान आणि किलिंग्जवर्थ यांनी मिळून आकडे पुन्हा तपासले. २०२३ चा निष्कर्ष असा, की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतं. आधीच फार दुःखी असलेल्यांच्या बाबतीतच ते एका टप्प्यानंतर थांबतं. मात्र वाढ मोजायची ती पटीत. १५ हजारांच्या पगारावर ५ हजार वाढले तर घरात फरक दिसतो, दीड लाखावर तो कळतही नाही.

डॉलरमधले हे सगळे आकडे अमेरिकेतले. बाजारभावाने डॉलरचे रुपये करून ‘भारतात इतके लाख पुरेत’ असं सांगणं चुकीचं, कारण एका डॉलरच्या रुपयांत इथे बरंच जास्त विकत मिळतं.

गैरसमज ३ : राहणं स्वस्त, की माणूस सुखी.

वस्तुस्थिती : राहनाळला भाडं ठाण्यापेक्षा कमी पडतं, हे खरं. पण वाचलेलं भाडं रिक्षाला जातं, आणि वेळ काल्हेर-कशेळीच्या वाहतूक कोंडीत. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिनक्रमाचा २००४ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यात नकोशा कामांत कामावरचा प्रवास निघाला. भाड्याच्या हिशेबात हे तास कुणी धरत नाही.

गैरसमज ४ : घबाड मिळालेला माणूस लवकरच होता तिथे येतो.

वस्तुस्थिती : लॉटरी विजेत्यांचा १९७८ चा अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो, त्यात विजेते होते अवघे २२. स्वीडनमधल्या विजेत्यांचा कितीतरी मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. मोठी बक्षिसं जिंकलेले अनेक वर्षांनंतरही आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते. समाधान पोखरते ती तुलना. १९९८ च्या एका सर्वेक्षणात विचारलं होतं : इतरांना २५ हजार डॉलर असताना तुम्हाला ५० हजार हवेत, की इतरांना दोन लाख असताना एक लाख? महागाई दोन्हीकडे सारखीच. जवळपास निम्म्यांनी ५० हजार निवडले. ज्या गावात शेजारच्या हळदीला डीजे आणि हजार पान उठलं, की आपल्याकडे त्याहून मोठा मांडव घालावा लागतो, तिथे हे वेगळं समजवायला नको. जमिनीचे पैसे अशा चढाओढीत गेले, तर दोष पैशाचा नाही.

गैरसमज ५ : आकडा मोठा असला की झालं.

वस्तुस्थिती : तो आकडा किती खात्रीचा, हेही तितकंच मोलाचं. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या हमालांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी मालक माथाडी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही देतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो. शेजारच्याच गोदामात ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला एखाद्या महिन्यात त्याच्याइतकेच कमवेलही. पण पाठ धरली आणि आठवडा घरी बसावं लागलं, की चूल उधारीवर. मिळकत सारखी, झोप सारखी नाही.

तेव्हा नवी नोकरी किंवा स्वस्त खोली बघताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : भाडं, प्रवास आणि हप्ता वजा जाता काय उरतं? पगार तारखेला होतो का, पीएफ कापून भरला जातो का? आणि खर्च गरजेपोटी आहे, की शेजाऱ्यापोटी? ‘पैशात काय ठेवलंय’ हे वाक्य मात्र कोण कुणाला ऐकवतंय ते पाहावं. बहुधा पगारवाढ मागणाऱ्यालाच ते ऐकावं लागतं.